चित्रकाराच्या कामात पुस्तक नेमकं कुठे येतं?

काजळरेघ (धागाकर्ता)

पुस्तकं वाचून चित्रकला येते का, यावर पुष्कळ धुळवड होऊन गेली आहे, ती पुन्हा नको. चित्र काढणाऱ्याच्या कपाटात पुस्तकं असतातच: चित्रसंग्रह, तंत्राची, शरीररचनेची, पर्स्पेक्टिव्हची, शिवाय कथा-कविता. काम चालू असताना त्यांचं करायचं काय, एवढाच प्रश्न. 'प्रेरणा मिळते' हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुठलं पान उघडायचं, हातात काय घ्यायचं, किती वेळ बसायचं आणि फसगत कुठे होते, ते लिहा.

सुरुवात चित्रसंग्रहापासून करतो. चित्राआधी त्याखालची बारीक टाइपातली ओळ वाचावी. तिथे मापं असतात आणि कलेच्या पुस्तकांत सहसा आधी उंची, मग रुंदी देतात. समजा ७३ × ९२ सेंमी लिहिलंय आणि पानावरचं चित्र १८.४ सेंमी रुंद आहे. म्हणजे ते पाचपट लहान झालंय. मूळ चित्रातला १ सेंमी रुंदीचा फटकारा पानावर २ मिमीचा दिसतो. 'काय बारीक काम आहे!' असं जे वाटतं ते बरेचदा चित्रकाराचं नसून आकार घटल्याचं असतं. ते बघून ००० नंबरचा, म्हणजे अगदी बारीक ब्रश उचलणारे कमी नाहीत.

यावर सोपा उपाय म्हणजे वर्तमानपत्राचे कागद जोडून मूळ मापाचा आयत करून भिंतीला लावायचा आणि पुस्तक हातात धरून त्यासमोर उभं राहायचं. चित्रातलं डोकं मुठीएवढं होतं की कलिंगडाएवढं, ते लगेच कळतं, आणि ब्रश कोणता असावा तेही.

हेच गणित कापाकापी पकडायलाही उपयोगी. वरच्या उदाहरणात १८.४ सेंमी रुंदीला उंची १४.६ सेंमी यायला हवी. पानावर ती १४ भरली, तर ६ मिमी, म्हणजे मूळ चित्राची ३ सेंमी पट्टी, पुस्तकाच्या मांडणीत गेली. कडेचा रिकामा भाग गेला की तोल बदलतो आणि आपण भलत्याच रचनेचा अभ्यास करत बसतो. दोन पानांवर पसरलेलं चित्र तर रचनेच्या अभ्यासाला घेऊच नये, मधला भाग शिवणीत गडप झालेला असतो.

चारशाई

धागा आवडला. मापांनंतर रंगांचं बोलू, कारण सगळ्यात जास्त माती तिथेच होते.

पुस्तकातलं रंगीत चित्र सहसा चार शायांत छापलेलं असतं: सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी. दहापट मोठं दाखवणारं भिंग पानावर टेकवून बघा, ठिपक्यांच्या गुलाबासारख्या नक्ष्या दिसतील. तुम्ही ज्याला 'त्या चित्रातला तो निळा' म्हणताय तो निळा रंग तिथे नाहीच. सायन आणि मॅजेंटाचे ठिपके शेजारी-शेजारी आहेत, एवढंच. या चार शायांना काही रंग गाठताच येत नाहीत. अल्ट्रामरीनचा जांभळ्याकडे झुकणारा गडद निळा मळकट होतो, कॅडमियम ऑरेंज विटका होतो, थॅलो ग्रीनमधलं तेज जातं. आता असा छापील निळा बघून पॅलेटवर तोच रंग जुळवायला बसलात, तर अल्ट्रामरीनमध्ये थोडं तपकिरी घालून तो मारावा लागेल. जुळेलही. पण तुम्ही नक्कल चित्राची केली नाहीत, शाईची केलीत.

म्हणून छापील पानावरून तीनच गोष्टी घ्याव्यात: रचना, छायाप्रकाशाची उतरंड आणि उबदार-थंड रंगांची जागा. उबदार काय आणि थंड काय हे बहुधा छपाईतही टिकतं, नेमकी छटा टिकत नाही.

एकाच चित्राची दोन-तीन वेगळ्या पुस्तकांतली छपाई शेजारी मांडून बघा. एकात आकाश हिरवट, दुसऱ्यात जांभळट. तिन्हींत जे सारखं राहिलंय तेवढ्यावर भरवसा ठेवायचा.

पुस्तकाचं सालही बघा. व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलचं मायकेलअँजेलोनं रंगवलेलं छत आणि तिथल्या भिंतीवरचं त्याचंच 'लास्ट जजमेंट' १९८० ते १९९४ दरम्यान स्वच्छ केलं गेलं. त्याआधीच्या पुस्तकांत मायकेलअँजेलो काजळीतून दिसतो, नंतरच्या पुस्तकांत पोपटी, केशरी, गुलाबी रंग अंगावर येतात. जुन्या पुस्तकावरून 'थोर चित्रकार मंद रंगच वापरतात' असा धडा घेणाऱ्यानं मेणबत्त्यांच्या धुराचा धडा घेतला.

जलबिंदू

मग जुनी कृष्णधवल चित्रांची पुस्तकं रद्दीत द्यायची का?

चारशाई

जलबिंदू, उलट जपून ठेवा. रंगाच्या बाबतीत ती खोटं बोलत नाहीत, कारण बोलतच नाहीत. व्हॅन गॉगनं १८८९-९० मध्ये फ्रान्समधल्या सँ-रेमीला असताना मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांच्या वीसेक प्रतिकृती केल्या, त्या कृष्णधवल छापांवरून. रचना मिलेची, रंग पूर्णपणे स्वतःचे. हा अभ्यास कुणालाही करता येतो: कृष्णधवल पान घ्या, उजेड कुठल्या वेळेचा ते ठरवा, आणि टोन, म्हणजे उजळ-गडदपणा, न हलवता रंग भरा. 'टोन न हलवता' हेच अवघड आहे. पिवळा मूळचाच उजळ, तो गडद करायला गेलं की हिरवट होतो. जांभळा मूळचाच गडद, त्यात पांढरा घातला की खडूसारखा दिसतो. हे दोन्ही अडथळे पहिल्या तासातच भेटतील.

तीनकप्पी

रचनेच्या अभ्यासाची रीत लिहितो.

छापील चित्राच्याच प्रमाणात ७-८ सेंमी रुंदीची चौकट आखा. मोठी आखली की हात तपशिलात शिरतो, म्हणून लहानच. हातात एक करडा आणि एक काळा मार्कर, तिसरा टोन म्हणजे कागदाचा पांढरा. डोळे किलकिले करून बघा आणि चित्रातला प्रत्येक आकार या तीनपैकी एकाच कप्प्यात टाका. बाह्यरेषा काढायची नाही, थेट करड्याचे पट्टे. वेळ १० मिनिटं, गजर लावून.

बहुतेकांचं गणित एका ठिकाणी चुकतं. सावलीत परतून आलेला उजेड, म्हणजे हनुवटीखाली किंवा हंडीच्या पोटाला दिसतो तो, डोळ्याला फार उजळ वाटतो. तो उजेडाच्या कप्प्यात टाकला की गोलाई फुटते आणि सावलीला भोक पडल्यासारखं दिसतं. तो सावलीचाच भाग आहे, त्यामुळे सावली ज्या कप्प्यात त्याच कप्प्यात जाईल. खात्री करायची तर करड्या कार्डाला पंचिंग मशीननं दोन भोकं पाडा. एक भोक परतलेल्या उजेडावर आणि दुसरं उजेडातल्या सगळ्यात गडद जागेवर धरा. भोवतालचं झाकलं गेलं की फरक सरळ दिसतो.

मोबाइलवर फोटो कृष्णधवल करून हे काम उरकू नका. झणझणीत लाल आणि निळा यांचा टोन मोबाइल स्वतःच्या हिशोबानं ठरवतो, तो डोळ्याशी जुळेलच असं नाही. शिवाय कप्पा ठरवण्याचा निर्णय आपण घ्यायचा असतो, व्यायाम तोच आहे.

अशी २० झाली की वहीत एक कोठार तयार होतं. नवीन चित्र सुरू करताना त्यातला एखादा आराखडा उलटा किंवा आरशातला करून त्यात आपला विषय बसवायचा. गर्दीच्या चित्राचा आराखडा टेबलावरच्या भांड्यांना चालतो. पुस्तकाचा याहून थेट उपयोग माझ्या माहितीत नाही.

खडूमाती

रचनेत चूक झाली तर चित्र फसतं, तंत्राच्या पुस्तकात चूक झाली तर चित्र गळून पडतं. म्हणून जरा लांबड लावतो.

जुन्या पुस्तकांतले शब्द तेच राहिले, वस्तू बदलल्या. ठळक उदाहरण 'गेसो', म्हणजे रंगवण्याआधी फळीवर किंवा कॅनव्हासवर द्यायचा पांढरा लेप. जुन्या पुस्तकात गेसो म्हणजे प्राण्यांच्या कातड्याचा सरस आणि खडू किंवा जिप्सम. आज बाटलीवर गेसो लिहिलेलं असतं ते ॲक्रिलिक असतं. अंड्याच्या टेंपेराची (बलकात कालवलेल्या रंगाची) कृती जुन्या पुस्तकातून घेऊन बाटलीतल्या गेसोवर रंगवलं, तर रंग नीट धरत नाही. नखानं खरवडला तर निघतो, पुढे पोपडे येतात. टेंपेराला पिणारी जमीन लागते. ॲक्रिलिकचा थर प्लास्टिकचा, तो पुरेसं पीत नाही.

खरा गेसो असा: सरस १ भाग, पाणी १० ते १२ भाग, वजनानं. रात्रभर भिजवा. दुसऱ्या दिवशी भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळवा, पण ६० अंश सेल्सियसच्या वर जाऊ देऊ नका. उकळला की सरसाची पकड जाते. लाकडी फळीवर आधी नुसत्या सरसाचा एक हात, तो वाळू द्या. मग कोमट सरसात चाळलेली खडूची पूड भुरभुरवत राहा, पृष्ठभागाच्या वर लहानशी टेकडी दिसेपर्यंत. थोडा वेळ भिजू द्या, मग हळूच ढवळा. पातळ ६ ते ८ हात, प्रत्येक हात आधीच्याला आडवा.

बिघडलं तर खूण ओळखता येते. टाचणीएवढी भोकं पडली तर जोरात ढवळल्यामुळे हवा शिरली. कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडल्या तर सरस फार घट्ट किंवा हात फार जाड. बोटाला खडू लागतो तर सरस कमी. आणि हे ताणलेल्या कॅनव्हासवर करूच नका. कापड हलतं, खडू हलत नाही.

टेंपेराचंही घ्या. चेन्निनो या इटालियन चित्रकाराच्या इ.स. १४०० च्या आसपासच्या ग्रंथात तरुण चेहऱ्यांसाठी शहरातल्या कोंबडीचा फिका बलक आणि म्हाताऱ्या, सावळ्या चेहऱ्यांसाठी गावाकडच्या कोंबडीचा लालसर बलक सांगितला आहे. वाचायला बहार येते, पण बलकाचा पिवळेपणा उजेडात लवकरच उडतो, तेव्हा कोंबडीचा पत्ता विचारण्यात वेळ घालवू नका. बलकाचं प्रमाण मात्र तपासा. रंग काचेवर लावून वाळू द्या आणि पात्यानं खरवडा. सालीसारखा सोलून निघाला तर ठीक, भुकटी झाली तर बलक कमी पडला.

गेरूकाव

खडूमाती यांच्याशी सहमत. भर म्हणून सांगते, नावापेक्षा बाटलीवरचा किंवा ट्यूबवरचा रंगद्रव्याचा कोड वाचा. जुन्या पुस्तकाच्या यादीत अलिझरिन क्रिमझन हा गडद लाल हमखास असतो. तो पीआर ८३, उजेडात उडतो, पातळ थरात तर फारच. त्या जागी पीव्ही १९ घ्या. झिंक व्हाइट, म्हणजे पीडब्ल्यू ४, तेलरंगात काही वर्षांत ठिसूळ होतो आणि त्यावरचे थर सुटतात. 'नाजूक छटांसाठी उत्तम' असं छापलेलं असलं तरी तेलात खालच्या थराला नको. बिटुमेन किंवा अस्फाल्टम, म्हणजे डांबरी तपकिरी रंग, दिसलं तर पान उलटा. तो पूर्ण वाळतच नाही, एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी चित्रांवर त्यानं मगरीच्या पाठीसारख्या भेगा पाडल्यात.

लेड व्हाइट म्हणजे शिसं. त्याची भुकटी हाताळायच्या सूचना देणारी पुस्तकं केवळ वाचायची, करायची नाहीत.

काजळरेघ

भरपूर मिळालं, आभार. रंगसिद्धान्ताच्या पुस्तकांवर कुणी लिहील का? ती वाचून लोक वर्तुळं रंगवत बसतात आणि चित्र आहे तिथेच राहतं.

चारशाई

कारण वर्तुळात कुठलाच रंग शेजाऱ्याशी भांडत नाही, चित्रात सगळेच भांडतात. शेव्हरलच्या रंगांवरच्या १८३९ च्या ग्रंथाचं मूळच एका तक्रारीत आहे. पॅरिसच्या गोबेलँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगवलेली काळी लोकर निळ्या-जांभळ्याशेजारी फिकी दिसते, अशी ओरड होती. रसायनतज्ज्ञ असलेल्या शेव्हरलनं तपासलं तर रंगाईत दोष नव्हता, शेजारात होता.

हे वाचून सोडायचं नाही, हातानं करायचं. एकाच करड्या कागदाचे २ × २ सेंमीचे दोन तुकडे, एक १५ सेंमीच्या काळ्या चौकोनावर, दुसरा तेवढ्याच पांढऱ्यावर. काळ्यावरचा उजळ दिसेल. मग काळ्या-पांढऱ्याऐवजी हिरवा आणि लाल घ्या. फरक दिसत नसेल तर तुकडा फार मोठा आहे, नाहीतर त्याचा टोन दोन्ही जमिनींपासून फार लांब आहे. तुकड्याला पेन्सिलीची कड काढली तरी परिणाम मरतो.

रंगाऐवजी कागद का, तर मिश्रणात चूक होते आणि तोच रंग पुन्हा जसाच्या तसा मिळत नाही. चित्रकार आणि शिक्षक जोसेफ अल्बर्सही विद्यार्थ्यांना रंगीत कागदच वापरायला सांगत. त्यांच्या १९६३ च्या ग्रंथाची मूळ आवृत्ती स्क्रीनप्रिंटनं छापली होती, एकेका शाईचा सपाट थर देऊन. लहान आवृत्त्यांत तीच उदाहरणं नेहमीच्या छपाईत आली की काही ठिकाणी सांगितलेला परिणाम दिसतच नाही. डोळ्यांना दोष देऊ नका, कात्री घ्या.

गेरूकाव

आणि आपल्या ट्यूबांचा तक्ता स्वतः करावा, पुस्तकातला बघू नये. ८ रंग असतील तर जोड्या होतात २८. प्रत्येक जोडीचं मिश्रण पांढऱ्यानं ५ पायऱ्यांत उजळवलं तर १४० चौकोन. २ सेंमीचे चौकोन, मध्ये मास्किंग टेपची पट्टी. पायऱ्या ठरवताना आधी सगळ्यात गडद, मग सगळ्यात उजळ, मग बरोबर मधली, शेवटी उरलेल्या दोन. एका टोकाकडून सरळ चालत गेलं तर शेवटच्या दोन पायऱ्या सारख्याच येतात.

सुतोळंबा

पर्स्पेक्टिव्हच्या पुस्तकाबद्दल एकच. पानाची रुंदी १५ सेंमी, आणि आकृतीत दोन्ही लोपबिंदू, म्हणजे लांब जाणाऱ्या समांतर रेषा क्षितिजरेषेवर मिळतात ते बिंदू, त्या पानावरच दाखवलेले. छापायला सोयीचं, पण तसंच काढलं तर खोक्याचा जवळचा कोपरा भाल्यासारखा टोकदार येतो. ४० सेंमी रुंदीच्या चित्रात, खोकं ४५ अंशांत वळलेलं असेल, तर दोन लोपबिंदूंमध्ये किमान ७० सेंमी हवेत. म्हणजे दृष्टीचा कोन ६० अंशांच्या आत राहतो. दोन्ही बिंदू कागदाबाहेर जातात, म्हणून कागद मोठ्या टेबलाला चिकटवा, क्षितिजरेषेच्या सरळीत टेबलावर टाचण्या मारा आणि त्यांना दोरा बांधा. दोरा ताणला की रेषा मिळते.

हंसध्वनी

सगळं तंत्र झालं, वाङ्मय राहिलं. कविता-कादंबरी वाचून चित्र काढणारे बहुधा प्रसंगचित्र काढतात, म्हणजे लेखकानं जे सांगितलंय तेच पुन्हा, आणि त्याच्यापेक्षा कमी. फ्रेंच चित्रकार देलाक्र्वाचं 'सार्दानापालसचा मृत्यू' (१८२७) बघा. विषय इंग्रज कवी बायरनच्या नाटकाच्या वळणाचा, पण नाटकाच्या शेवटी राजा आणि त्याची प्रिया चितेवर जातात. चित्रातली ती कत्तल, दासी, घोडा, पलंगाभोवतीचा सोन्याचा खच, नाटकात नाहीच. पुस्तकानं ठिणगी दिली, पुढचं सगळं चित्राच्या गरजेनं आलं.

रीत सांगायची तर: उतारा एकदा वाचा, पुस्तक मिटा. वहीत फक्त नामं लिहा. ओटा, कंदील, ओलं कापड. विशेषणं लिहू नका, 'उदास' हा शब्द रंगवता येत नाही. मग प्रत्येक नामापुढे तीन गोष्टी: उजेड कुठून, टोन कोणता, चौकटीत किती जागा. या यादीवरून चार कच्ची रेखाटनं, पुस्तक न उघडता. चारही झाल्यावर उघडून बघा, तुम्ही काय गाळलंत आणि काय पदरचं घातलंत. सहसा गाळलेलं परत घालायची गरज नसते.

जलबिंदू

म्हणजे रंगवताना पुस्तक बंदच ठेवायचं?

तीनकप्पी

माझ्या मते हो. ईझलशेजारी, म्हणजे चित्र ठेवायच्या घोडीशेजारी, पुस्तक उघडं असलं की अडचण आली की मान तिकडे वळते आणि उसनं उत्तर कॅनव्हासवर येतं. नाक पुस्तकातलं, चेहरा समोरच्याचा.

हंसध्वनी

अर्धसहमत. रचना आणि शैलीसाठी बंद, माहितीसाठी उघडं. कोपराच्या आतल्या बाजूचं हाड कुठे वर येतं हे आठवत नसेल तर अंदाजानं ढकलण्यापेक्षा बघावं. फक्त बघून थेट कॅनव्हासवर नको. वेगळ्या कागदावर तोच सांधा तीन कोनांतून काढा, पुस्तकात नसलेला कोन त्यात एक तरी असू द्या. तो जमला तर कळलंय. नुसता पुस्तकातला कोन जमला तर पाठ झालंय.

स्मृतीचा सराव हवा असेल तर: ५ मिनिटं पान बघा, मिटा, १० मिनिटं आठवून काढा, उघडा, चुका लाल पेन्सिलीनं त्याच रेखाटनावर दाखवा. पुन्हा मिटा, कोरा कागद. तीन फेऱ्या पुरेत. लाल खुणा दर वेळी त्याच प्रकारच्या निघाल्या, समजा डोकी नेहमी मोठी, तर आपला दोष सापडला. शिल्पकार रोदँ आणि चित्रकार फांतँ-लातूर यांचे शिक्षक लेकॉक द ब्वाबोद्राँ स्मृतीच्या अशाच कसरतींसाठी ओळखले जात.

शिवणबांधणी

अवांतर, पण पुस्तकं स्टुडिओत न्यायची तर हे वाचा.

गुळगुळीत आर्टपेपरवर मातीचा लेप असतो. जलरंगाचं भांडं सांडलं आणि पानं ओली होऊन एकमेकांवर वाळली, तर तो लेप गोंदासारखा धरतो आणि मग पानं सुटत नाहीत, फाटतात. ओली असतानाच प्रत्येक दोन पानांमध्ये मेणकागद सरकवा, पुस्तक उभं करून पंख्याच्या वाऱ्याला ठेवा. उन्हात नको, पानं वाकतात. लगेच वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका, ओलं पुस्तक तिथे थांबतं, निवांतपणे सोडवता येतं.

अळशीच्या तेलाचा डाग कागदातून जात नाही. वर्षानुवर्षं पिवळा-तपकिरी होत जातो. म्हणून कामाचं पान झेरॉक्स करून पारदर्शक फोल्डरमध्ये घाला, तोच ईझलला अडकवा. चौकटी आखायच्या तर पानावर नाही, पारदर्शक प्लास्टिकवर मार्करनं आखा. ३ सेंमीच्या चौकटींचं एक प्लास्टिक केलं की सगळ्या पुस्तकांना चालतं.

आणि तेलाच्या चिंध्या पुस्तकांच्या खणाजवळ बोळा करून कधीही टाकू नका. अळशीचं तेल वाळताना तापतं, बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता पेट घेते. पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

जलबिंदू

चौकटीचं प्लास्टिक पानावर सरकतं, त्यावर काही?

शिवणबांधणी

वरच्या कडेला पुठ्ठ्याची पट्टी दुमडून चिकटवा, ती पानाच्या कडेवर टोपीसारखी बसते. सेलोटेप पानाला लावू नका, काढताना आर्टपेपरचा लेप चित्रासकट निघून येतो.